जटावाल्या मातेचा ताप

खांडबाऱ्याच्या बाजारात त्या दिवशी भाजीवाल्यांपुढे चिटपाखरू नव्हतं. सगळी गर्दी नवनीत महाराजांच्या मांडवात लोटली होती आणि तिथे चौरंगावर बसलं होतं एक मांजर. अंगभर कुरळे केस, बटबटीत डोळे, सुपाएवढे कान. असलं मांजर पंचक्रोशीत कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे ते देवीचं असणारच!

"ही जटावाली माता," महाराज सांगत. "रोग्याच्या छातीवर ठेवा, ताप ओढून घेते. मग हात लावून बघा, माताच तापलेली लागेल. आणि अंगाला तेल सुटतं ते आपोआप." हात लावला की मांजर खरंच गरम लागे, बोटाला तेलही लागे. मग आणखी काय हवं?

डॉ. हेमांगी नवापूरच्या पोल्ट्रींमधल्या कोंबड्यांची डॉक्टर. बाजाराला आली होती, गर्दी पाहून आत शिरली. पुढ्यातच तापीकाठच्या गावाहून आलेली सीमा बसली होती. मांडीवर तिची लहानगी प्राची टायफॉइडने फणफणलेली, पोट फुगलेलं, ओठ सुकलेले. दवाखान्याच्या गोळ्या अर्ध्यावर सोडायला लावून सासरे धुडकूबाबा तिला इथे घेऊन आले होते. 

हेमांगीने औषधाच्या दुकानातून दोन थर्मामीटर आणले, एक प्राचीला, एक मातेला. मातेचा ताप शेपटीखाली घ्यावा लागतो, हे पाहून महाराजांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माता एकशे दोन, प्राची एकशे चार. मग मांजर पोरीच्या छातीवर ठेवलं आणि काही वेळाने पुन्हा मोजलं. दोन्ही पारे जिथल्या तिथे.

हेमांगीने समजावून सांगितलं. मांजराचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं. एरवी दाट केसांमुळे ते हाताला कळत नाही. याचे केस विरळ, म्हणून ती ऊब थेट हाताला लागते. तेलही कातडीचंच, केसांत न मुरता वर साचतं, त्यामुळे या जातीला अधूनमधून कोमट पाण्याने न्हाऊ घालावं लागतं. तिने तिथेच मांजर साबण लावून धुतलं आणि तेल गेलं. याला थंडी सोसत नाही, फार हाताळलं तर केस तुटतात; पाठीवर टक्कल पडलंय ते त्यामुळेच. विलायतेत कधीतरी एका मांजरीला असं कुरळं पिल्लू झालं, लोकांना आवडलं, त्यांनी वंश वाढवला. "तुमच्या खुराड्यात नाही का एखादं पिल्लू उलट्या पिसांचं निघत?" ती म्हणाली. "तसंच हे."

इथेच घात झाला. उलट्या पिसांची कोंबडी इकडे कुणी रश्श्याला कापत नाही, ती भगताकडे देवीसाठी जाते. धुडकूबाबांनी हात जोडले.

"उलटा पखनी कोंबडी बी देवीनीच ऱ्हास, डाक्टरीणबाई. तुम्ही बी तेच सांगी ऱ्हायनात."

मांडवात जयजयकार उठला. महाराजांना तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. सगळं सांगणं पालथ्या घड्यावर पाणी!

हेमांगी सीमाजवळ वाकून म्हणाली, माझी गाडी बाहेर आहे, आत्ता चल. सीमा पोरीला घेऊन उठली. धुडकूबाबांनी नुसतं वळून पाहिलं. सीमा खाली बसली.

दोन दिवसांनी प्राचीला नवापूरच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा टायफॉइडने तिचं आतडं फुटलं होतं. पोर गेली. गावात बोललं गेलं की डॉक्टरणीने मातेचं तेल धुतलं, त्याची ही शिक्षा. महाराजांचा मांडव आता धडगावला पडलाय आणि गर्दी वाढलीच आहे.

महिन्याभराने सीमा एकटीच हेमांगीकडे आली. चहाला हात लावला नाही.

"तव्हयच दवाखानामा लई जातूत, ते पोर वाचती का?"

नाही म्हटलं असतं तर बिचारीला झोप लागली असती. हेमांगीला खूप वाटलं, म्हणावं. पण एक थाप मोडायला गेलेल्या बाईने दुसरी कशी मारायची?

"बहुतेक वाचली असती," ती म्हणाली आणि सीमाबरोबर रडली.

मंडळी, देव मानायचा तो माना. पण तापलेलं लेकरू मांडवात नेऊ नका, दवाखान्यात न्या. आणि घरातली सून त्याला घेऊन उठली, तर तिला जाऊ द्या.