जवळून सगळंच हिरवं

चंपाचा कढीपत्ता भीमराव रामटेके यांनी मठ्ठा पाजून मारला.

मारायचा हेतू नव्हता, उलट लाडच चालले होते. भंडाऱ्याला माहेरी जाताना चंपा सांगून गेली होती, आठवड्यातून एकदा आंबट ताक घाला, भरपूर पाणी मिसळून. भीमरावांनी विचार केला, आठवड्यातून एकदाच कशाला? रोज घालू. आणि रोज ताक घुसळणार कोण? म्हणून येरवड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगखालच्या डेअरीतून मठ्ठ्याची पिशवी आणायची, अर्धी आपण, अर्धी झाडाला. मीठ, जिरं, हिंग, कोथिंबीर, सगळ्यासकट. तिसऱ्या आठवड्यात झाडाने पानं टाकली. चौथ्या आठवड्यात बाल्कनीतल्या कुंडीत नुसती काठी उभी होती.

खरी अडचण पुढेच होती. गाडी सुटताना खिडकीतून चंपा म्हणाली होती, "माझं झाड मेलं ना, तर मी काही परत येत नाही. सांगून ठेवते."

म्हणाली हसतच. पण भीमरावांची सगळी नोकरी कारखान्यात लोकांच्या डब्यात खडूचे तुकडे लपवण्यात आणि साहेबाच्या आवाजात फोन करण्यात गेलेली. थट्टेत किती टक्के खरं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

चंपाची माय पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलेल्या चंपाला आता पाच महिने होत आले होते. पहिल्याच आठवड्यात ती फोनवर म्हणाली होती, "तुमीच या ना जी इकडं. रिटायर माणूस, तिथं काय करता?" तेव्हा भीमराव ऐटीत म्हणाले होते, "मी आलो तर तुझ्या झाडाकडे कोण बघणार?" आता झाड नव्हतं, तरी जाता येत नव्हतं. मेलेल्या झाडाची राखण करत ते पुण्यात अडकून पडले होते.

आणि एक दिवस चंपाचा मेसेज आला. झाडाचा फोटो टाका.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. भीमराव पीएमटी पकडून थेट तपकीर गल्लीत गेले. मोबाइलच्या सामानाच्या एका दुकानात त्यांनी विचारलं, "खूप जवळून फोटो काढायला काय मिळतं?"

"किती जवळून, काका?"

"इतक्या जवळून की पान दिसावं, झाड दिसू नये."

दुकानदाराने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी एक चिमटी काढली. तिच्या टोकाला बटणाएवढी काच. "मॅक्रो लेन्स. अडीचशे. मोठ्या कॅमेऱ्याची घ्यायला जाल तर घर गहाण टाकावं लागेल."

"घर बायकोच्या नावावर आहे. हीच द्या."

घरी आल्यावर दोन दिवस फोटोच येईना. फोनला मागे तीन डोळे, चिमटी लावायची कुठल्यावर? शेवटी ते एकेका डोळ्यावर बोट ठेवत गेले. ज्यावर ठेवल्यावर पडदा काळा झाला तो खरा, त्यावर चिमटी बसली. मग कळलं, पानापासून दोन बोटांवर फोन धरावा लागतो. जरा पुढे गेलं तरी धूसर, जरा मागे आलं तरी धूसर. श्वास घेतला की हललंच. मग त्यांनी चंपाचा मिसळणाचा डबा उपडा घातला, त्यावर फोन टेकवला, खिडकीला बटरपेपर लावून ऊन मऊ केलं आणि श्वास रोखून बटण दाबलं.

पान मंडईतलं होतं. तिथल्या विमलाबाईंकडे भीमराव रोज सकाळी जायचे.

"एकच काडी?" विमलाबाई म्हणाल्या. "रोज एवढ्या लांबून एका काडीसाठी येता? वहिनींनी काढून टाकलंय का घरातून?"

"ती गावाला गेली आहे."

"मग फोडणी कोण घालतं?"

"फोडणीला नकोय. फोटोला हवंय."

विमलाबाईंनी शेजारच्या गाळ्याकडे बघून मान हलवली आणि काडी फुकट दिली. वेड्याकडून पैसे घेऊ नयेत, असा चेहरा करून.

पहिला फोटो गेला. पानाच्या शिरा रस्त्यांसारख्या, मध्ये तेलाचे बारीक ठिपके चमकतात. चंपाचं उत्तर आलं, "मस्त." दुसऱ्या दिवशी, "खालून काढा." तिसऱ्या दिवशी, "कोवळं पान नाही का?" भीमराव मंडईत कोवळं पान शोधत बसले. त्यांना वाटलं होतं, चार दिवसांत ती विसरेल. पण आता फोटो गेला नाही तर नऊ वाजता फोन यायचा, "आज काय झालं जी?" आणि तो फोन यावा म्हणून भीमराव मुद्दाम एखादा दिवस उशीर करायला लागले. फोनवर मात्र बोलणं झाडाचंच. मायचं हाड, गोळ्या, झाड. मनातलं तोंडाशी आलं की ते लगेच काहीतरी विनोद करायचे आणि फोन ठेवल्यावर रिकाम्या स्वयंपाकघरात उगाच उभे राहायचे.

काच हातात आली की माणूस पानावर थांबत नाही. आरशाच्या कडेला चंपाची टिकली चिकटलेली होती. एकदा तिच्यावर लेन्स धरली तर मखमलीचं मैदान दिसलं, कडेला पावडरचे कण. फणीत अडकलेला एक केस, अर्धा पांढरा, अर्धा काळा. तो फोटो त्यांनी बराच वेळ मोठा करून बघितला. पाठवला नाही. त्यात थट्टा करण्यासारखं काही सापडेना.

आणि मग एका मंगळवारी मेसेज आला. "आज पान नको. गाठ दाखवा."

गाठ फक्त खऱ्या झाडाला होती. बारा वर्षांपूर्वी चंपाने माहेरून बोटाएवढं रोप आणलं तेव्हा काठीला बांधायला कापडाची एक पट्टी वापरली होती. काठी केव्हाच गेली, पण पट्टी खोडात रुतून बसली होती. उन्हापावसाने तिचा रंग उंदरासारखा झाला होता. तिच्याकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

जवळून काढू, त्यांनी ठरवलं. गाठच दिसेल, बाकी काही दिसणार नाही. ते बाल्कनीत गुडघ्यांवर बसले, चिमटी लावली, गाठीपासून दोन बोटांवर फोन धरला. वाळलेली साल मध्ये येत होती म्हणून त्यांनी नखाने पट्टीची घडी जरा उचलली.

घडीच्या आत रंग शिल्लक होता. निळा-पांढरा चौकडा. आणि चौकड्याच्या कडेने जाणारा एकच बारीक लाल दोरा.

भीमराव आणखी जवळ वाकले, चित्र धूसर झालं. त्यांनी फोन परत स्थिर केला. लाल दोरा तिथेच होता.

पट्टी त्यांच्याच शर्टाची होती. तो त्यांना ओळखता आला नसता तर दुसरा कुठला येणार? टेरिकॉटचा. चंपाला बघायला भंडाऱ्याला गेले तेव्हा घातलेला. पुढे कॉलर फाटली तरी ते घालत होते आणि एक दिवस तो कपाटात नव्हता. चंपा म्हणाली होती, "बोहारणीला देला. त्याच्यावर डबा आला." भीमराव दोन दिवस जेवताना तिच्याशी बोलले नव्हते. त्या डब्यात त्यांनी आजवर काही ठेवू दिलं नव्हतं.

दिलाच होता शर्ट. पण देण्याआधी एक पट्टी फाडून ठेवली होती, आणि ती बारा वर्षं त्यांच्या नाकासमोर बांधून ठेवली होती. एवढी लांबलचक चेष्टा भीमरावांनीही आयुष्यात कधी केली नव्हती.

फोटो न पाठवता त्यांनी फोन लावला.

"गाठ दिसली?" चंपाने विचारलं. मागे मायचं खोकणं ऐकू येत होतं.

"दिसली."

"मग?"

एक विनोद जिभेवर आला होता, बरा होता. भीमरावांनी तो गिळला.

"चंपा, झाड मेलंय. चार महिने झाले. मीच मारलं, मठ्ठा घालून. आणि मला इथे करमत नाही."

मग चंपा म्हणाली, "मले माईत होतं."

"केव्हापासून?"

"खालून काढलं ना पान, तवापासून. आपल्या झाडाचं पान कधी एवढं ओलं राहते का? सारे पाण्याचे थेंब. मंडईतले लोक शिंपडते तसे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर फोटो बंद झाले असते. मायचं सारं करून बसलं की सकाळी तेवढंच होतं जी मले. झाड नाही तर आता तिथं कायले बसले?"

"तूच म्हणाली होतीस, मेलं तर परत येणार नाही."

"नाहीच येत. मायले टाकून कशी येऊ? तुमी या."

भीमरावांनी मान हलवली. फोनवर ती दिसत नाही हे नंतर लक्षात आलं, तेव्हा म्हणाले, "येतो. उद्याची गाडी बघतो."

"आन् एक फोटो टाका. पुरा. लांबून. तुमी दिसले पाहिजे. इतके दिवस नुसती पानं पाहून राहिली."

शेजारच्या प्रेमलाताईंना त्यांनी खाली रस्त्यावर उभं केलं आणि स्वतः बाल्कनीत कुंडीजवळ उभे राहिले. ताईंनी खालून ओरडून विचारलं, "अहो, ते वाळकं बाजूला घ्या की, फोटो खराब येतोय."

"राहू द्या. तेही घरातलंच आहे."

फोटो गेला. चंपाचं उत्तर आलं. "बारीक झाले तुमी."

संध्याकाळी त्यांनी गाठ सोडवायला घेतली, पण ती सालीत पार आत गेली होती. मग करवत आणून वर आणि खाली कापलं. वीतभर खोड गाठीसकट टॉवेलात गुंडाळलं आणि कपड्यांच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलं. शेजारी चिमटी ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन वरच्या फळीवरून तो बोहारणीचा डबा काढला, धुतला, पुसला आणि गाडीसाठी पोळ्या त्यातच भरल्या.