चौतीस मार्कांचा सोफा

मी सोफा बोलतोय. ऐकताना माझ्यावर बसलात तरी चालेल, फक्त डाव्या टोकाला बसू नका, तिकडून मी डुगडुगतो. या डुगडुगण्याबद्दल आजवर एकवीस पाहुण्यांनी अ‍ॅपवर लिहिलंय. एकाने लिहिलं, 'सोफ्यावर बसलं की बोटीत बसल्यासारखं वाटतं.' हे लिहिताना या गृहस्थाने माझ्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातला होता आणि फटीत बिस्किटांचा चुरा भरला होता. त्याला मी किती तारे दिले असते, ते विचारायला मात्र कोणी आलं नाही.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. लाकूड चांगलं होतं, स्प्रिंगा चांगल्या होत्या, सुताराच्या हातात कसब होतं. पण गिऱ्हाईक कोण ते कळल्यावर त्याने रंधा खाली ठेवला. गिऱ्हाईक होते गणिताचे मास्तर. शाळेत याच मास्तरांनी त्याला भूमितीत शंभरपैकी चौतीस दिले होते. पस्तिसाला पास. एका मार्काने गडी घरी बसला, आणि बापाने घरातून उचलून दुकानात बसवला.

'त्यांनी एक मार्क कमी दिला, मी एक सूत कमी देतो,' असं म्हणत त्याने माझा मागचा डावा पाय सूतभर आखूड कापला. पण माणूस हाडाचा कारागीर. हलता माल दुकानाबाहेर जाऊ देणं त्याच्या जिवावर आलं. मग इतकी वर्षं जपून ठेवलेली तीच उत्तरपत्रिका त्याने आणली, तिची घट्ट घडी केली आणि त्या पायाखाली खिळ्याने ठोकली. मी ताठ उभा राहिलो. मास्तर खूश होऊन मला घेऊन गेले.

पुढची बारा वर्षं मी मास्तरांच्या दिवाणखान्यात काढली. माझ्यावर बसून त्यांनी हजारो पेपर तपासले, पण पैकीच्या पैकी एकालाही दिले नाहीत. 'देवाने पेपर लिहिला तरी अक्षराचा एक मार्क कापीन,' असं म्हणायचे, आणि कापलाही असता. प्रत्येक पेपरावर लाल शाईने एकच शेरा, 'प्रगतीला वाव आहे.' दरम्यान माझ्या पायाखालचा कागद दबत दबत पापडाएवढा उरला आणि मी डुगडुगायला लागलो.

मास्तर निवृत्त झाले. सूनबाईंनी वरचा मजला रंगवला, नवे पडदे लावले, मला वर चढवलं आणि अ‍ॅपवर दिवसाच्या भाड्याने देण्यासाठी घराचे फोटो टाकले. फोटोत मी झकास दिसतो. समोरच्या रस्त्यापलीकडे मोठं हॉस्पिटल असल्याने पाहुण्यांना तोटा नव्हता.

या अ‍ॅपची गंमत ऐका. पाहुणा घराला तारे देतो, घरवाला पाहुण्याला तारे देतो, आणि सगळे एकमेकांना घाबरून पाचच देतात. नवरा माझ्यावर बसून लिहितो, 'अगदी घरच्यासारखं वाटलं', आणि बायको शेजारून म्हणते, 'घरच्यासारखंच, गरम पाणी नाही.' तरी पाच. एकाने न्हाणीघराच्या दाराची मूठ उपटली, खिशात घातली आणि गेला. सूनबाईंनी त्यालाही पाच दिले.

"अगं, त्याला पाच?" मास्तर म्हणाले.

"बाबा, आपण कमी दिले की पुढचे पाहुणे म्हणतात, ही बाई खडूस आहे. मग कोण येणार?"

"म्हणजे सगळा वर्ग कॉपी करतोय आणि पर्यवेक्षक घाबरून वर छताकडे बघतोय."

मग सूनबाईंना दोन महिने कामासाठी परगावी जावं लागलं, आणि त्यांनी फोनवरचं अ‍ॅप मास्तरांच्या हाती दिलं. चाळीस वर्षं लाल पेन चालवलेल्या माणसाला तारे वाटायला बसवायचं, म्हणजे तुम्हीच विचार करा.

पहिलीच पाहुणी आली ती एक बेकरीवाली, दुसऱ्या गावची. बरोबर तिचे म्हातारे वडील. त्यांचे उपचार त्या हॉस्पिटलात आठ महिने चालायचे होते, दर तीन आठवड्यांनी तीन दिवस. पण हॉस्पिटल तारीख सांगायचं ती दोनच दिवस आधी. त्यामुळे आयत्या वेळी जे जवळचं घर मोकळं असेल ते तिला धरावं लागणार होतं. अशी पाहुणी मी पाहिली नाही. जाताना तिने भांडी घासली, चादरी घडी घालून ठेवल्या, माझ्या फटीतला मागच्या तीन पाहुण्यांचा चुरा काढला आणि टेबलावर एक ताजा पाव ठेवला. मी सोफा असून मला भरून आलं.

मास्तरांनी पाव खाल्ला, वही काढली, स्वच्छता, वागणूक, वेळेचं भान असे रकाने आखले आणि पाऊण तास विचार करून तिला तीन तारे दिले. वर लिहिलं, 'समाधानकारक. प्रगतीला वाव आहे.' आणि समाधानाने माझ्यावर आडवे झाले.

सहा आठवड्यांनी, सूनबाई परत आल्या त्याच दुपारी, बेकरीवाली दारात उभी. बुकिंग नव्हतं. सूनबाईंनी तिला वर आणून माझ्यावर बसवलं. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"काका, मला राहायचं नाहीये. फक्त विचारायला आले," ती मास्तरांना म्हणाली. "माझं काय चुकलं होतं?"

"चुकलं? छे! तुम्हाला तर मी फर्स्ट क्लास दिलाय."

"तीन तारे दिलेत तुम्ही."

"हो ना. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के. साठला फर्स्ट क्लास. माझ्या हातून फार थोड्यांना मिळालाय."

बेकरीवालीने फोन पुढे केला. मागच्या वेळी चार घरांनी नकार दिला होता, या वेळी सहा घरांनी. एकाने तर लिहिलं होतं, 'तीन ताऱ्यांची माणसं आम्ही ठेवत नाही.' मागची खेप तिने वडिलांना दोन तासांच्या प्रवासाने रोज नेऊन आणून काढली होती. आत्ता वडील हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते आणि आजची सोय झालेली नव्हती.

"बाबा," सूनबाई हळूच म्हणाल्या, "इथे साडेचारच्या खाली नापास धरतात."

मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सूनबाईंनी लगेच कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं की एकदा दिलेले तारे बदलता येत नाहीत, आपला दिवस आनंदात जावो.

वरचा मजला तीन दिवस मोकळा होता. मास्तर स्वतः हॉस्पिटलात गेले आणि तिच्या वडिलांचा हात धरून त्यांना घेऊन आले. बुकिंग रीतसर अ‍ॅपवर झालं, म्हणजे पुन्हा तारे देता येणार होते. मास्तरांनी वहीत गणित मांडलं. एकदा तीन मिळालेत, तर तीन वेळा पाच पडले तर सरासरी साडेचार. म्हणजे ही धरून तीन खेपा, तीन वेळा पैकीच्या पैकी.

आणि तिथेच घोडं अडलं. "चार देतो. सव्वाचार असते तर सव्वाचार दिले असते. पण पैकीच्या पैकी म्हणजे प्रगतीला वावच नाही, असं कसं लिहू?"

"चार दिले तर ती जन्मात पास होणार नाही, बाबा."

दोन दिवस घरात हेच चाललं होतं. सूनबाई भांडी आदळत होत्या, बेकरीवाली मान खाली घालून हॉस्पिटलात जात-येत होती. मास्तरांचा मला इतका राग आला होता की ते बसले की मी मुद्दाम जास्त डुगडुगायचो.

तिसऱ्या दिवशी बेकरीवालीच्या वडिलांना ते डुगडुगणं सोसेना. त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. "मास्तर, हे टकटक चुकीचं पडतंय. उलटा करा याला," ते म्हणाले. दोघा म्हाताऱ्यांनी धापा टाकत मला आडवा केला. घड्याळजींनी पाय चाचपला, खिळा उपसला आणि दबलेली घडी मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी ती उलगडली. त्यांचीच लाल शाई. चौतीस. प्रगतीला वाव आहे. वर सुताराचं नाव वाचून ते खालीच बसले, फरशीवर. मग चष्मा पुसून त्यांनी सगळा पेपर पुन्हा तपासला. पाचव्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं, पण वर्गात शिकवलेल्या रीतीने नव्हतं. तिथे दोन मार्क कापले होते.

"काय झालं?" घड्याळजींनी विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "परीक्षक नापास झाला."

बेकरीवाली गेल्यावर त्यांनी पाच तारे दिले. खाली लिहिलं, 'या पाहुणीला मागे मी तीन तारे दिले होते. ती चूक तिची नव्हती, माझी होती. हिला घर द्या.' पुढच्या खेपेला आमच्याकडे दुसऱ्यांचं बुकिंग होतं, पण ते वाचून पलीकडच्या गल्लीतल्या घराने तिला हो म्हटलं. तिथे वडील लिफ्टने वर जातात, असं तिने फोनवर सांगितलं. त्या घरानेही पाच दिले, आणि त्यापुढच्या खेपेला ती पुन्हा आमच्याकडेच आली, पाव घेऊन. साडेचार झाले.

आणि मास्तर सुताराकडे गेले. काय बोलले मला ठाऊक नाही, मी जिना उतरू शकत नाही. पण दुसऱ्या दिवशी तो हत्यारांची पेटी घेऊन आला. केस पिकले होते. उत्तरपत्रिका टेबलावर होती, चौतीस खोडून छत्तीस केलेली, खाली मास्तरांची सही. तो ती बराच वेळ वाचत राहिला. मग नाक पुसून त्याने माझ्या पायाला सूतभर जाडीची सागवानी चकती बसवली, माझ्या डाव्या टोकाला बसला आणि दोनदा मागे-पुढे झुलून पाहिलं. मी जागचा हललो नाही.

मास्तर समोर उभे होते. "कसा झालाय? पाचपैकी किती?"

सुताराने माझ्या हातावरून हात फिरवला.

"चार, मास्तर," तो म्हणाला. "प्रगतीला वाव आहे."

मास्तर इतके हसले की त्यांना बसावं लागलं, सुताराच्या शेजारी. दोघांचं वजन मी त्या दिवशी हूं की चूं न करता पेललं. तेव्हा तुम्ही आलात तर आता खुशाल डाव्या टोकाला बसा. सुरुवातीला तुम्हाला घाबरवलं ते जुन्या सवयीने. फक्त ओला टॉवेल माझ्या पाठीवर टाकू नका, मग मला किती तारे द्यायचे ते तुमचं तुम्ही बघा.