पाठचा भाऊ

लढाईपायी घासलेट मिळेनासं झालं, त्या साली तानुबाई माणदेशातल्या माहेरी आली ती कायमची. नवऱ्यानं, बिराप्पानं, मुसळ घालून तिचं मनगट मोडलं होतं. ते वाकडंच सांधलं. आईबाप केव्हाच गेले होते. होता तो पाठचा भाऊ धुळा. बिराप्पा माणसं घेऊन तिला न्यायला आला, तेव्हा धुळा दारात आडवा उभा राहिला. "माज्या भैनीला हात लावलास तर तंगडं मोडीन," म्हणाला. पंचांपुढंही तो हटला नाही. सगळे पुरुष सारखे नसतात, हे तिला त्याच्याकडं बघूनच पटलं होतं.

तरी घरात भांडं आदळलं की तिचा हात आपोआप डोक्यावर जायचा. धुळाची बायको सुला ते बघायची आणि न बोलता भांडी हळू ठेवायची.

एका दुपारी शेळ्या बाजरीत शिरल्या. सुला लेकराला पाजत बसली होती. धुळा काठी उगारूनच आला. पहिला तडाखा बसला, पण सुला ओरडली नाही. लेकराला पोटाशी धरून तिनं पाठ पुढं केली, सवय असल्यासारखी. ओढ्यावर अंघोळीला ती नेहमी मागं का राहते, ते तानुबाईला त्या घडीला कळलं.

तिनं झेप घेऊन काठी धरली.

"आक्का, सोड. माजी बायकू हाय ती."

"मीबी कुणाची तरी बायकूच हुते, धुळा."

"तुज्यापायी मी गावाशी भांडलो!"

"व्हय, भांडलास. मला दुखलं म्हणून, का तुजी लाज गेली म्हणून?"

धुळा काठी टाकून मेंढरांकडं निघून गेला.

सुलाच्या पाठीला हळद-तेल लावताना तानुबाईनं विचारलं, "मला का सांगितलं न्हाईस गं?"

"वन्सं, तुमाला त्यो एकच चांगला माणूस उरला हुता. त्योबी कसा काढून घिऊ?"

तानुबाईला तेव्हा रडू आलं.

धुळा कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. आता हा घरातनं घालवणार, असं धरून तिनं लुगडी बांधून ठेवली. त्यानं घालवलं नाही, आणि ती घरात असेतो पुन्हा काठीही उगारली नाही. समजून की भिऊन, ते तिनं विचारलं नाही. भावावरची माया आटली नाही; पण त्याच्याशी बोलताना ती आता शब्द जपून वापरायची. बिराप्पाच्या घरात काय काय सोसलं, ते मात्र पहिल्यांदाच कुणाला तरी, सुलाला, सांगू लागली.