आधी घडी घालणारा माणूस

"त्यांना स्वतःला काय हवं असतं, असं वाटतं तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि रुखमाबाईंना भलत्या वेळी हसू आलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला. शेजारी बसलेल्या अभिजीतला वाटलं, आई रडते आहे. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मयुरीला मात्र कळलं. लेकींना कळतं.

हसू येणारच. नवऱ्याला काय हवं, हा प्रश्न रुखमाबाई लग्न झाल्यापासून विचारत आल्या होत्या आणि उत्तर काही त्यांना आजवर मिळालं नव्हतं. भाजी कोणती करू? "कर कोणतीबी." शर्ट निळा आणू का पांढरा? "आण कोणताबी." पोरीचं नाव काय ठेवायचं? "तुम्ही ठेवान ते." एकदा वैतागून त्यांनी आठवडाभर दोन्ही वेळा दोडकेच रांधले. नानाजी मुकाट जेवले आणि शेवटी म्हणाले, "यंदा दोडके चांगले आले म्हणायचे बजारात." असा हा माणूस. आता तो काचेपलीकडे नळीवर श्वास घेत पडला होता आणि सगळं जग एकदम त्याची इच्छा विचारायला लागलं होतं.

"मले काय माहीत बाई," रुखमाबाई म्हणाल्या. "त्याईनं कधी सांगतलंच नाही."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. न्हाणीघरात पडले त्या दिवशी नानाजींच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. त्यानंतर त्यांनी डोळे उघडले नव्हते आणि आता उघडण्याची आशा नव्हती. श्वास मशीन देत होतं. "मशीन काढलं म्हणजे आपण त्यांना मारलं असं होत नाही," त्या म्हणाल्या. "आजार त्यांना नेतोच आहे. मशीनने फक्त धरून ठेवलंय. तरी आमच्या डॉक्टरांचं एक मंडळ त्यांना तपासेल, बाहेरच्या डॉक्टरांचं दुसरं तपासेल, आणि तुम्ही घरचे सगळे हो म्हणालात तरच पुढे जायचं. नाही म्हणालात तरी त्यांची काळजी आम्ही अशीच घेऊ."

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर भावा-बहिणीचं सुरू झालं.

"मी हो नाही म्हणणार," अभिजीत म्हणाला. "उद्या नंदनवनच्या वस्तीत तोंड दाखवाचं हाय मले. पोरानं बापाची नळी काढून घेतली म्हणतील लोकं."

"लोकं येऊन बसून राहिले का इथं?" मयुरी म्हणाली. ती उमरेडहून रोज बसने ये-जा करत होती आणि थकव्याने तिचा आवाज चिरका झाला होता. "बाबाचे हात पाहिले का तू दादा? सुया टोचू टोचू काळे पडले."

"एखाद टक्का तरी चान्स असंल नं."

"नाही म्हणून राहिल्या नं डॉक्टर."

"डॉक्टर काय देव हाय का?"

दोघंही दमले आणि दोघांनीही एकदम आईकडे पाहिलं. "आई, तूच सांग. तू म्हणशीन तसं."

रुखमाबाई भडकल्या. "वा रे वा! घरी टीव्ही कोणता घ्याचा तवा मले कोनं नाही विचारलं. आता आई आठवली."

त्या तरातरा जाऊन बाकावर बसल्या. बाकावर त्यांची एक जुनी जांभळी साडी बोळा होऊन पडली होती. ती त्या पांघरायच्या, उशाला घ्यायच्या, कधी नुसतीच मांडीवर घेऊन बसायच्या. राग पोरांवर नव्हता. राग त्या काचेपलीकडच्या माणसावर होता. जन्मभर सगळे निर्णय माझ्यावर टाकले, आणि आता हाही माझ्यावरच टाकून झोपला.

नानाजी मूळचे उमरेडचे, विणकराघरचे. पोरवयात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले ते माग बंद पडेपर्यंत. मग नागपुरात आले आणि सीताबर्डीला साड्यांच्या एका दुकानात लागले. विकायला नव्हे. विकणारे वेगळे, तोंडाचे गोड, हातात साडी घेऊन हवेत फेकणारे. नानाजींचं काम मागे, पांढऱ्या गादीच्या टोकाला बसून उघडलेल्या साड्यांच्या घड्या घालायचं. बायका बघायच्या, नाक मुरडायच्या, पुढची मागायच्या. नाकारलेली साडी नानाजींच्या पुढ्यात यायची. ते काठाला काठ लावून, हाताने सपाट करून ती पुन्हा नव्यासारखी करायचे. कुणी कधी त्यांचं नाव विचारलं नाही. दुकानात शिरलेल्या बाईला शेवटपर्यंत दिसायचे ते फक्त त्यांचे हात.

भेटायची वेळ झाली तशी रुखमाबाई आत गेल्या. तारा सिस्टर सलाईन बदलत होती. "बोला त्यांच्याशी आजी," ती म्हणाली. "बोलायला काही हरकत नाही."

रुखमाबाईंनी नवऱ्याचा हात हातात घेतला. हात सुजला होता. बोटं मात्र तीच होती, लांब आणि सपाट.

"काय म्हणता?" त्यांनी सवयीने विचारलं. मशीनने श्वास भरला, मशीनने सोडला. नानाजींनी नेहमीसारखंच काही सांगितलं नाही.

त्यांना भीती वाटत होती. मरणाची नव्हे, मरणं त्यांनी घरात पाहिली होती. भीती स्वतःची होती. काढा म्हणावंसं वाटतं ते ह्याच्यासाठी, की त्या बाकावर बसून माझी कंबर गेली म्हणून? ठेवा म्हणावंसं वाटतं ते ह्याच्यासाठी, की घरी एकटीपुरते दोडके रांधायचे नाहीत म्हणून? दोन्ही खरं होतं. त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

"काल ते छातीचे मोठे डॉक्टर येऊन गेले," तारा सिस्टर बोलता बोलता म्हणाली. "औषध बदललं. ते नाही लागू पडलं तर आणखी एक आहे, ते लावून बघतील. मुलगा म्हणतो ना, सगळं करा."

आणखी एक. रुखमाबाईंच्या डोळ्यांपुढे एकदम दुकान उभं राहिलं.

मयुरीच्या लग्नाच्या वेळची गोष्ट. कधी नव्हे त्या नवऱ्याच्या दुकानात गेल्या होत्या. मालकाचा मुलगा पियूष गल्ल्यावरून स्वतः उठून आला. "काकू आल्या आहेत, चांगला माल दाखवा रे!" मग काय विचारता. एक झाली, दुसरी झाली, गादीवर ढीग झाला. आपल्याला यातलं काही नको, हे रुखमाबाईंना पहिल्या पाचेक साड्यांतच कळलं होतं. पण चहा आला होता. पियूषशेठ उभे होते. विकणारा घाम पुसत "ही तं पाहाच काकू" म्हणत आणखी एक उघडत होता. एवढं सगळं आपल्यासाठी उघडल्यावर उठायचं कसं? त्या मान हलवत बसून राहिल्या. पाय बधिर झाले.

आणि गादीच्या टोकाला बसलेल्या नानाजींनी, कुणाकडेही न बघता, अजून कुणी नाकारलीही नव्हती अशी एक साडी ओढली आणि घडी घालायला घेतली. मग दुसरी. मग तिसरी. विकणाऱ्याचा हात आपोआप थांबला. रुखमाबाई उठल्या, "येतो मंग," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

घरी आल्यावर त्यांनी नानाजींना सोलून काढलं. "चार माणसात उठवलं मले! नवरा असून!"

तेव्हा नानाजी बोलले होते. आयुष्यात एवढं लांब बोललेले तेवढंच. "तू कवाचीच उठली होती वं मनातून. फक्त उठता येऊन नव्हतं राहिलं. येवढं उघडल्यावर बाईले भीड पडते. दुकानवाला तं आवरणार नाही, त्याचा धंदा हाय. मंग कोणीतरी आधी घडी घालाले पाहिजे. तवा बाई उठते. मी रोजच करतो. शेठ मले रोजच शिव्या देते."

रुखमाबाईंनी त्यांच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला होता. पुढे प्रत्येक भांडणात त्या ही गोष्ट उकरून काढत आल्या.

आता त्या नवऱ्याच्या तोंडातल्या नळीकडे पाहत राहिल्या. भिडस्त माणूस. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून आठवडाभर दोडके खाणारा. त्याच्यासाठी एवढं सगळं उघडून ठेवलं होतं, आणि जो तो आणखी एक दाखवत होता.

बाहेर चहाच्या टपरीवर अभिजीत एकटाच उभा होता. रुखमाबाई त्याच्याजवळ गेल्या आणि त्यांनी त्याला दुकानाची गोष्ट सांगितली. आई भांडणात उकरून काढायची तेवढी त्याला पाठ होती. बाबा काय बोलले ते तो पहिल्यांदाच ऐकत होता.

ऐकून झाल्यावर तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "साडी अन् माणूस सारखं का, आई?"

"नाही ना गा सारखं," रुखमाबाई म्हणाल्या. "साडी पुन्हा उघडता येते. म्हणून तं मी इतके दिवस बसून हावो तिथं."

अभिजीतच्या हातातला चहा थंड झाला होता. तो त्याने टपरीमागे ओतला. "मले नाही जमत आई. मी सही केली नं, तं मले जन्मभर वाटंल मीच..."

"तुह्यावर नाही येऊ देत मी. काढा म्हणून मीच सांगतो डॉक्टरले. कोनं विचारलं तं माह्यं नाव सांगजो. म्हणजो, आईनं सांगतलं." त्यांनी त्याच्या हातातला रिकामा कप घेऊन टपरीवर ठेवला. "अन् चुकत असंल तं माह्यं चुकंल. पन्नास वर्षं जेवू घातलं मी त्याईले. येवढा हक्क नाही का मले?"

तो रडायला लागला. भर रस्त्यात, टपरीवाल्यासमोर, टक्कल पडत आलेला माणूस. रुखमाबाईंनी त्याचं नाक आपल्या पदराने पुसलं.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी एकच गोष्ट विचारली. "नळी काढल्यावर पाणी पाजता येईन का?"

"घोटभर नाही, त्यांना गिळता येणार नाही. पण कापसाने ओठ, जीभ ओली करता येईल. हवं तितक्या वेळा."

"पुरे तेवढं."

दोन्ही मंडळांच्या डॉक्टरांनी नानाजींना पाहिलं. घरच्यांच्या सह्या झाल्या. अभिजीतने सही केली, पण म्हणाला, मी आत येणार नाही.

दुपारी त्यांना कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत हलवलं. त्रास होऊ नये म्हणून औषध आधीच सुरू केलं होतं. नळी निघाली आणि कितीतरी दिवसांनी नानाजींचं तोंड दिसलं. ओठांच्या कडेला नळीच्या चिकटपट्टीचे लाल वळ होते. मयुरीने घरून आणलेलं तुळशीचं पाणी कापसाने त्यांच्या ओठांना लावलं, जिभेला लावलं. रुखमाबाईंनी लावलं. श्वास आधी घरघरला, मग हळूहळू लहान आणि संथ झाला. त्यात ओढाताण नव्हती. मयुरी उशाशी बसून वडिलांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

खिडकीतून ऊन आत येत होतं. रुखमाबाईंना काय करावं सुचेना. बाकावरची जांभळी साडी त्यांनी येताना काखेत मारून आणली होती. चुरगाळलेली, इतक्या दिवसांची. त्यांनी ती उलगडली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून घडी घालायला घेतली.

सहावार साडी, खोली अरुंद आणि म्हातारे हात. एक टोक जमिनीवर घसरलं. मयुरी उठणार, तेवढ्यात दार उघडलं. अभिजीत आत आला. त्याने वडिलांकडे पाहिलं नाही. खाली वाकून त्याने साडीचं ते टोक उचललं आणि आईच्या समोर उभा राहिला.

"अशी नाही गा," रुखमाबाई हळूच म्हणाल्या. "काठाले काठ लाव."

त्याने काठाला काठ लावला. दोघं एकमेकांजवळ आले, मागे गेले, पुन्हा जवळ आले. त्याच्या हातून एकदा तिरकी झाली. रुखमाबाईंनी ती सोडवून पुन्हा सारखी करायला लावली. शेवटची घडी त्यांनी एकटीने घातली, तळहाताने सपाट केली आणि नानाजींच्या हाताशी ठेवली.

श्वास त्याआधीच कधीतरी थांबला होता. मयुरीला हाताखाली कळलं होतं. तारा सिस्टरलाही दारातून कळलं होतं. पण घडी पुरी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि मग डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.