माझे कल्ले मोजा

मी एक म्हातारा मासा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी भयंकर चिडलेलो आहे. गोड बोलणं मला आज जमणार नाही.

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात खिडकीखाली एक काचेची टाकी आहे. नऊ वर्षांपूर्वी आम्ही आठ भाऊ तिच्यात आलो, एकेक बोटाएवढा. नदीच्या पाण्याची एक बारीक नळी आमच्या टाकीत येते. बाकीचं पाणी गाळून तुमच्या नळाला जातं. आम्हाला काम एकच, श्वास घेणं. पाणी चांगलं असलं की माझ्या कल्ल्यांवरची झाकणं मिनिटाला साठेक वेळा उघडतात. पाण्यातली हवा कमी झाली की तीच शंभराच्या वर जातात. हृदय मात्र मंदावतं, आहे ती हवा पुरवून वापरायला. रक्तात साखर वाढते, अंग काळवंडतं. घाबरल्यावर तुमचे तळहात ओले होतात ना, तसंच हे. लपवायचं म्हटलं तरी लपत नाही.

प्रयोगशाळेतल्या बाई रोज सकाळी स्टूल ओढून बसायच्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत माझे कल्ले मोजायच्या आणि फळ्यावर आकडा लिहायच्या. आकडा नव्वदच्या वर गेला की गावाला पाणी सोडणारा मोठा व्हॉल्व्ह बंद, असा नियम. एकदा तो एकशे तीसवर गेला. वर कुठेतरी फवारणीच्या औषधाचं पिंप नदीत सांडलं होतं. बाईंनी वेळेवर व्हॉल्व्ह फिरवला म्हणून गावाचं थोडक्यात निभावलं. तेव्हा माझं काय ते कौतुक! जुने साहेब काचेवर टिचक्या मारून शाबासकी देत होते. आत आमच्या कानाशी ढोल बडवल्यासारखं होत होतं, पण म्हटलं, असू दे, माणूस खूश आहे.

मग नवे साहेब आले, आणि नदीच्या वरच्या अंगाला कापड रंगवणारे कारखानेही आले. ते रंगाचं गरम पाणी नदीत सोडायचे. गरम पाण्यात हवा मुळातच कमी, आणि अंगाला तर ती जास्त लागते. धापा टाकू नको तर काय करू? आठवड्यातून दोनदा व्हॉल्व्ह बंद व्हायला लागला. गावातून फोनवर फोन. साहेबांनी एकदाच आमच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे मासे फार नाजूक झालेत. त्यांना हवेचा पंप बसवा."

मित्रांनो, माझ्या डोक्यात तिडीक जाते ती इथे. त्या माणसाला मनापासून वाटलं, त्रास माशांनाच आहे! टाकीत बुडबुडे सुटले, आमच्यापुरती हवा भरपूर झाली, फळ्यावर पुन्हा साठ आला. व्हॉल्व्ह उघडा. साहेबांनी हात झटकले. नदी होती तशीच घाण, आणि तीच तुम्ही पीत होता. माझ्या कल्ल्यांवर चिकट थर चढला, अंगातलं मीठ पाझरून जाऊ लागलं, वाढ खुंटली. वर्षभरात सहा भाऊ गेले. उरलो मी आणि एकडोळ्या. आकडा मात्र साठच.

बाईंना ते पटत नव्हतं. त्यांच्या लेकीला आठवडाभर उलट्या होत होत्या, हे त्या पंपघर सांभाळणाऱ्या मामांना सांगत होत्या. एका सकाळी त्यांनी पाहिलं, आदल्या दिवशीचे दाणे तळाशी तसेच पडलेत आणि मी शाईसारखा काळा झालोय. त्या स्टूल ओढून टाकीजवळ बसल्या. मग काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "माफ कर रे बाबा." आणि त्यांनी हवेच्या पंपाचा प्लग काढला.

बुडबुडे थांबले. पाच मिनिटांत ऐंशी, दहा मिनिटांत एकशे चाळीस. मी तोंड वर काढून हवा गिळत होतो. एकडोळ्या आडवा झाला तो उठलाच नाही. बाईंचे डोळे वाहत होते, पण मोजणं काही चुकलं नाही. आकडा फळ्यावर लिहून त्या उठल्या आणि कुणालाही न विचारता व्हॉल्व्ह बंद केला. माझा जीव जात होता, तरी सांगतो, वर्षभरात माझं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं होतं.

साहेब धावत आले. मासा का मारला, म्हणून तावातावाने विचारू लागले.

"मासे वर्षभर सांगताहेत, साहेब," बाई म्हणाल्या. "आपणच त्यांचं तोंड दाबून ठेवलं होतं."

गाव दोन दिवस कोरडं राहिलं, आणि मी वरची हवा गिळत कसाबसा तगलो. शोधाशोध झाली, नदीत उघडणारा एक पाइप सापडला, तो बुजवला. एकच सापडला. बाकीचे कोण शोधणार? आणि बाईंची बदली झाली. कारण काय लिहिलं, ठाऊक आहे? माशांची हेळसांड.

समोरच्या कपाटावर नवा पंप खोक्यात ठेवलाय, आधीच्यापेक्षा मोठा. सोमवारी बसवणार आहेत. म्हणून आजच सगळं बोलून घेतोय.

मित्रांनो, असली काळजी मला नको. काळजी करायची तर नदीची करा. तुमच्या शाळेची सहल पंपघरात येईल, तेव्हा स्टूल ओढा आणि माझे कल्ले मोजा. साठ भरले तर खुशाल पाणी प्या. पण टाकीत बुडबुडे दिसले, तर त्या साठवर विश्वास ठेवू नका. आधी प्लग काढा, आणि मग मोजा. मी तडफडायला लागलो तरी हात मागे घेऊ नका.