दुखायचा थांबलेला दात

टक्.

बशीत काहीतरी पडलं आणि दुपारची शांतता मोडली. तिने आधी पाळण्याकडे पाहिलं. तान्हं हललं नाही. पलंगावर हातपाय फेकून झोपलेली भिंगरीही हलली नाही. भिंगरी म्हणजे तिची थोरली, पाच वर्षांची. झोपली तरच एका जागी सापडणारी. मग तिने बशीत पाहिलं. टोस्टच्या चुऱ्यात खडूच्या तुकड्यासारखं पांढरट काहीतरी पडलं होतं. जीभ आपोआप खालच्या डाव्या दाढेकडे गेली आणि तिथे खड्डा लागला.

म्हणजे ते सिमेंट निघालं.

याच दाढेने मागे तिला भिंतीवर डोकं आपटायची वेळ आणली होती. आडवं पडलं की ठणका वाढायचा, गालाला हात लावू द्यायचा नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दाढ उघडली, आतली सडलेली नस काढली, औषध ठेवलं, वर हे तात्पुरतं सिमेंट भरलं आणि बजावलं की काम अर्धंच झालंय, पुढच्या आठवड्यात यायचं. तिने मान डोलावली. पुढच्या आठवड्यात तान्ह्याला ताप आला. मग भिंगरीला खोकला. मग पाहुणे. आणि मुख्य म्हणजे दाढ दुखायची थांबली. दोन पोरांच्या आईला दुखतंय त्याच्याकडे बघायला फुरसत नसते, न दुखणाऱ्याकडे कोण बघतंय? त्यातून दुधाची धास्ती. सुई टोचली, गोळ्या घेतल्या की सगळं दुधातून बाळाच्या पोटात जाणार, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सबब गेली असती.

आताही ती दवाखान्यात गेली नाही. बाळाचे डोळे पुसायला आणलेल्या कापसातून तिने चिमटीभर काढला, लवंगेच्या तेलात बुडवला आणि बोटाने खड्ड्यात दाबून बसवला. स्वच्छ, मऊ, बाळाचा कापूस. त्याने काय वाईट होणार? सुरुवातीला ती तो रोज बदलायची. मग आठवेल तेव्हा. मग आठवेनासंच झालं. कापूस तिथे रुळला, दाढेचाच एक भाग असल्यासारखा.

वास कधी सुरू झाला ते तिला सांगता आलं नसतं. आपला वास आपल्याला येत नाही, चव मात्र येते. सकाळी उठलं की तोंडात काहीतरी खारट, जाडसर पसरलेलं असायचं. जणू कुणाची तरी थुंकी आपल्या तोंडात आलीय. ती चूळ भरायची, घासायची, पुन्हा घासायची. जीभ त्या बाजूला गेली की थोड्या वेळाने तीच चव. दाढेखाली हिरडीवर एक पुटकुळी आली होती, तांदळाच्या कणीएवढी. तिच्यावर दाब दिला की ती चव जास्त यायची, आणि मग पुटकुळी बसायची. दोन दिवसांनी परत वर. दुखत मात्र काही नव्हतं. अगदी काहीच नव्हतं. याचंच तिला कौतुक.

नवरा बापडा पेपरमिंटच्या गोळ्या आणायला लागला, आधी एक पुडी, मग डबाच. स्वतः एक तोंडात टाकायचा आणि डबा तिच्यापुढे उघडा ठेवायचा, पाहुणचार केल्यासारखा. सासूबाईंनी तोंडातल्या चवीचं ऐकून फोनवरच निदान केलं की हे पोटाचं आहे, पोट साफ होत नसणार, पोरींना आजकाल भाज्या नकोत. तिने सकाळसंध्याकाळ भाज्या खाल्ल्या. भाज्यांचे धागे कापसात जाऊन अडकले.

मग एका दुपारी ती भिंगरीला थोपटता थोपटता गोष्ट सांगत होती. वाघ नुकताच गुहेतून बाहेर आला होता, तेवढ्यात भिंगरीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"काय गं? घाबरलीस?"

"नाही."

"मग इकडे बघ ना."

"तू तिकडे तोंड करून सांग," भिंगरी भिंतीला म्हणाली. मग जरा थांबून, समजूतदारपणे, "आई, तू कचऱ्याचा डबा खाल्लास का?"

ती हसली. हसताना हात तोंडावर गेला आणि तिथेच राहिला. वाघाची गोष्ट तिने छताकडे बघत संपवली. पोर झोपली तीही पाठ करूनच, गुडघे भिंतीला लावून, जितकं लांब जाता येईल तितकं लांब.

ती उठून आरशापुढे गेली. नखाने कापसाची कड खरवडली आणि बोट नाकाशी नेलं. फुलदाणीत पाणी बदलायचं राहून जावं आणि देठं कुजून बुळबुळीत व्हावीत, तसा वास. त्याच्या तळाशी आणखी काहीतरी गोडसर, मांसासारखं. तिने हात साबणाने धुतले. पुन्हा धुतले. आणि धुता धुता तिला आठवलं की सकाळीच आपण केळ्याचा घास पुढच्या दातांनी मऊ करून बाळाच्या तोंडात दिला. रोजच देतो. सूप गरम आहे का ते चमच्याला ओठ लावून बघतो आणि तोच चमचा भिंगरीला. फुंकर घालतो. पापे घेतो. ह्याच तोंडाने.

ती बेसिनवर वाकली, पण ओकारी झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोरं नवऱ्याकडे सोपवून ती दवाखान्यात गेली. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "उपटून टाका ही दाढ. मला नकोच ती तोंडात."

डॉक्टरीणबाईंनी दाढेचा जुना एक्स-रे फोटो शोधला, तिच्याकडे पाहिलं, रागावल्या नाहीत. आधी बघू तर द्या, म्हणाल्या, आणि दिवा खाली ओढला.

"हे काय भरलंय?"

"कापूस."

"मी भरला होता?"

"नाही. मी."

चिमटा आत गेला. कापूस सहजी येईना. न्हाणीघराच्या जाळीतून केसांचा गुंता ओढावा तसा तो ताणत, तुटत, पुन्हा ताणत आला. काळपट हिरवा, ओला, तार सुटलेला. मागे मदतनीस मुलगी मास्कआड काहीतरी गुणगुणत होती, ती थांबली. मग तिने जाऊन खिडकी उघडली. त्या खिडकीच्या कडीचा आवाज खुर्चीतल्या तिला आयुष्यभर पुरला असता. कपाटामागे उंदीर मरून पडावा आणि कपाट हलवल्यावर घरभर कळावं, तसा वास खोलीत पसरला होता, आणि ते कपाट म्हणजे आपलं तोंड. ट्रेमधल्या पांढऱ्या कापडावर तो बोळा पडला होता. बघायचं नव्हतं, तरी ती बघत राहिली.

"दुखत नव्हतं," ती पुटपुटली.

"दुखणार कसं? नस तर मी काढली होती ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाराची घंटा काढून ठेवली म्हणून चोर यायचे थांबत नाहीत. आपल्याला कळत नाही, एवढंच. आणि तुम्ही तर त्यांना गादी घालून दिलीत."

मग त्या हात चालवता चालवता सांगत गेल्या. दुखणं थांबलं म्हणजे दात बरा झाला, असं निम्म्या पेशंटना वाटतं. नस काढणं ही सुरुवात. मुळांच्या नळ्या तळापर्यंत धुवायच्या, हवा जाणार नाही अशा बुजवायच्या आणि वर पक्कं भरून टोपी बसवायची, तेव्हा काम पुरं. मधल्या काळातलं सिमेंट पाहुणं असतं, ते जायचंच. हिरडीवरची पुटकुळी म्हणजे मुळाशी साठलेला पू बाहेर यायची वाट. नुसत्या गोळ्यांनीही हे जात नाही. ज्या दातात रक्तच फिरत नाही तिथे गोळी पोचणार कशी? दुधाचं तिने चाचरत विचारलं, तेव्हा बाई पहिल्यांदा थांबल्या. हे इंजेक्शन दूध पाजणाऱ्या आयांना चालतं, म्हणाल्या, घरी जाऊन खुशाल पाजा. गोळी लागली तर चालणारी देते. "एवढ्यासाठी आला नाहीत? अहो, विचारायचं तरी."

"तरी काढूनच टाका," ती हट्टाने म्हणाली. "मुलगी जवळ येत नाही माझ्या." आणि हे बोलताना डोळे भरले, दिव्याचा उजेड पसरून गेला.

"किळस आली म्हणून दात काढत नसतात. धुतला की वास जाईल. प्रश्न वेगळाच आहे. दाढ इतके दिवस उघडी राहिली, तिची भिंत पातळ झालीय. तडा गेला असेल तर तुम्ही नाही म्हणालात तरी काढीन. तडा नसेल तर तुम्ही हो म्हणालात तरी आधी वाचवून बघेन."

हिरडीत सुई गेली. सुजलेल्या जागी औषध लवकर चढत नाही, दुखलं तर डावा हात वर करायचा, असं सांगून ठेवलेलं होतं. एकदा हात वर गेला, बाई थांबल्या, आणखी थोडं औषध टोचलं. मग तोंडावर रबरी पडदा ताणून फक्त दाढ बाहेर ठेवली. तिला तो पडदा आवडला. त्याच्या पलीकडे जे काही होतं ते आता तिचं नव्हतं. तारेसारख्या बारीक सुया आत जायच्या, गोल फिरायच्या आणि बाहेर येताना तपकिरी काहीतरी घेऊन यायच्या. दर वेळी पांढऱ्या कापडावर एक नवी रेघ. संडास धुवायच्या औषधासारखा उग्र वास आला, आणि तिला बरं वाटलं. दुखत काहीच नव्हतं. नुसती शिसारी येत होती, पायाच्या नखापासून.

मग निळा रंग घालून, भिंग डोळ्याला लावून बाईंनी दाढेची भिंत न् भिंत तपासली. ती छताकडे बघत होती. आतापर्यंत नको नको म्हणत होती, आणि आता मनात एकच: नसू दे, तडा नसू दे.

"नाही," बाई म्हणाल्या. "नशीबवान आहात. आता मात्र बोलावेन तेव्हा यायचं. दुखत नसलं तरी."

ती गेली. बाळाला सर्दी होती तेव्हाही, पाहुण्यांना चहाच्या भरवशावर टाकूनही. केळं आता काट्याने कुसकरलं जायचं, चमचे वेगळे झाले. हिरडीवरची पुटकुळी सुकली. घरी मात्र ती हात तोंडावर धरूनच बोलायची, सवयच लागली, आणि भिंगरीलाही भिंतीची सवय लागली होती ती सुटेना. वास गेला की नाही हे तिने नवऱ्याला विचारलं नाही. तो काय, चांगलंच म्हणाला असता.

टोपी बसवायच्या दिवशी तिने भिंगरीला बरोबर नेलं. पोरीने खुर्ची वरखाली होताना पाहिली, दिवा पाहिला, पडद्यावरच्या फोटोत मुळांमधल्या पांढऱ्या रेघा पाहिल्या. हा दात आता जिवंत नाही, पण चावायला चालेल, नीट घासत जा, असं बाईंनी सांगितलं तेही तिने कान देऊन ऐकलं. बाहेर आई बससाठी बाकावर बसली, तेव्हा भिंगरी शेजारी चढून तिच्यासमोर उभी राहिली आणि फर्मावलं, "आ कर."

तिने तोंडावरचा हात काढला. रस्त्यावर माणसं जात-येत होती. तिने आ केला.

भिंगरीने दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. आत डोकावली. मग दूध नासलंय का बघताना आई जशी पातेल्याशी वाकते तशी वाकून, डोळे मिटून, तिने खोल श्वास घेतला. आईचा जीव त्या एवढ्याशा नाकपुड्यांत अडकला.

"नाही येत," भिंगरी म्हणाली, आणि धप्पकन मांडीत बसली, डोकं थेट तिच्या हनुवटीखाली. किती दिवसांनी त्या केसांचा वास आला. ती नुसती बसून राहिली, हलली तर पोर उठेल म्हणून. बस आली आणि गेली.

"आई," खालून आवाज आला, "तो दात मेलाय हे त्याला माहीत आहे का?"