शारातच्या नावापुढची नोंद

मंगळवार, ८ जानेवारी २०१९. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. बगदादच्या दक्षिणेकडच्या अमारा शहरात, नागरी नोंदणी कचेरीत चार नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाने शारात साबती झहरून या मुलीचा नव्या ओळखपत्राचा अर्ज परत सरकवला. धर्माच्या रकान्यात चूक आहे, असं त्याने सांगितलं. तिने ‘साबी’ लिहिलं होतं. संगणकात ‘मुसलमान’ होतं.

“चूक माझी नाही,” शारात म्हणाली.

“बरं, संगणकाची. पण तो बिचारा जे भरवलं तेच ओकतो.” कारकुनाने पडदा तिच्याकडे वळवला. नोंदीची तारीख २१ जानेवारी २००७ होती. कारण: वडिलांनी इस्लाम स्वीकारला, अल्पवयीन मुलगी त्यांच्या मागोमाग.

“मी तेव्हा सहा वर्षांची होते.”

“म्हणूनच तुला कोणी विचारलं नाही.”

“हा रकाना लागतो तरी कशाला?”

“रकाना नसला तर तुझं लग्न कुठल्या कायद्याने लावायचं, वारसा कुठल्या कायद्याने वाटायचा? मी सांगू का ते? माझं काम पाच वाक्यांचं, त्यातली तीन संपली.”

रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईने शारातच्या खांद्यावर हात ठेवला. “अगं पोरी, मुबारक. एवढी वर्षं आमच्यातलीच होतीस आणि आम्ही तुला ईदला बोलावलं नाही.” दोनचार जण हसले. बाईच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता.

शारात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एप्रिलमध्ये तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा अनुश, नासिरियातला, औषधाच्या दुकानात काम करणारा, साबी. साबी हा इथला जुना, थोड्या लोकांचा, नदीस्नान पाळणारा धर्म; त्यांच्यात लग्न नदीकाठी, स्नानानंतर, पुरोहितासमोर लागतं. मग न्यायालयात त्याची नोंद होते. मुसलमान मुलीचं लग्न बिगरमुसलमानाशी न्यायालय नोंदवत नाही. मुसलमान झालेला माणूस परत साबी झाल्याची नोंदही कोणती कचेरी करत नाही. दार एकाच बाजूने उघडतं हे अमारात सगळ्यांना माहीत आहे. आपण दाराच्या कोणत्या बाजूला आहोत, हे शारातला त्या सकाळी कळलं.

तिचे वडील साबती झहरून सोनारबाजारात चांदीवर काळं नक्षीकाम करतात. होड्या, खजुरीची झाडं, उंट. त्यांनी धर्म बदलल्याचं घरात कोणापासून लपलेलं नव्हतं. २००७च्या जानेवारीत दुकानाच्या कुलपाखाली एक पाकीट सापडलं होतं. आत एक गोळी आणि दहा दिवसांची मुदत. त्याच महिन्यात समोरच्या गाळ्यातला साबी कारागीर दुकान बंद करताना मारला गेला होता. तेव्हा चहा-तांदळाचे घाऊक व्यापारी सय्यद मुहसिन यांनी साबतीला आपल्या गाडीत बसवून न्यायालयात नेलं, त्याच्याकडून कलमा वदवून घेतला आणि साक्षीदार म्हणून सही केली. त्यानंतर पाकीट आलं नाही. सय्यदांच्या शब्दांत, साबती त्यांच्या चादरीखाली, म्हणजे आश्रयाला, आला.

तेव्हापासून दर मोहरमला सय्यदांच्या अंगणात मांस-हरभऱ्याच्या मोठ्या पातेल्यात डाव फिरवायला साबती जात असे. रविवारी मात्र बायको नवाल आणि शारात पांढऱ्या कपड्यांत नदीत उतरत, तेव्हा तो बूट न काढता काठावर उभा राही. पुरोहिताने त्याला कधी हाकललं नाही आणि कधी बोलावलंही नाही.

घरात बारा वर्षं एकच वाक्य बोललं जायचं: त्याने सही स्वतःपुरती केली.

वकील इबतिसाम यांचं ऑफिस दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. २७ जानेवारीला, रविवारी, दुपारी चार वाजता तिघं त्यांच्यासमोर बसली होती. वकीलबाईंनी जुन्या प्रकरणाची नक्कल मिळवली होती. चार पानं.

“काही न्यायाधीश ऐकून घेतात,” त्या म्हणाल्या. “मूल सज्ञान झालं, की एका वर्षाच्या आत त्याने दावा लावायचा. मी माझ्या जन्माच्या धर्मातच वाढले, दुसरा कधी पाळला नाही, असं सांगायचं. ११ मार्चला हिला एकोणीस पूर्ण होतात. त्याआधी दावा लागला पाहिजे. आणि वडिलांची साक्ष लागेल.”

“कसली साक्ष?” साबतीने विचारलं.

“सही दबावाखाली केली, आणि मुलगी साबी म्हणूनच वाढली.”

“दुसरं सांगतो. पहिलं कशाला?”

“पहिल्याशिवाय दुसरं उभं राहत नाही, अबू शारात.” मुलीच्या नावाने साबतीला सगळे अशीच हाक मारत, शारातचा बाप. “बाप खरा मुसलमान असेल, तर मुलगी त्याच्या मागे गेली ते बरोबरच झालं.”

नवाल पानं चाळत होती. तिसऱ्या पानावर ती थांबली. पान तिने नवऱ्यापुढे धरलं. वर शारातचं नाव, वय सहा, आणि खाली सही. साबतीची सही अमारातल्या कोणत्याही सोनाराला ओळखता येईल. तो नावाखाली एक छोटी होडी काढतो.

“ही तुमची?”

साबतीने पान बाजूला सरकवलं.

“मी विचारतेय, ही तुमची?”

“कारकून म्हणाला, इथेपण कर.”

“आणि तुम्ही केलीत. कुटुंबाची वही घेऊन गेला होतात. मी कपाटात शोधत होते ती, आठवतं? तुम्ही म्हणालात, रेशनवाल्याकडे आहे.”

“सय्यद म्हणाले होते वही आण.” साबतीने शारातकडे बघितलं नाही. “नवाल, तेव्हा त्या कचेरीचं छप्पर गळत होतं. कागदांचे ढिगारे जमिनीवर. एक ढीग तर उंदरांनी अर्धा खाल्लेला. तीन युद्धं झाली, तीनदा कचेरी लुटली गेली. माझ्या आजोबांची जमीन कागदावरून गेली, माझी सैन्यातली नऊ वर्षं गेली. आपल्याकडे कधी कुठला कागद टिकलाय? मला वाटलं, हाही सडेल.”

“हाच टिकला,” नवाल म्हणाली.

शारातने त्या दुपारी एकच प्रश्न विचारला. “बाबा, त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही मला काय सांगितलंत?”

“काही नाही. तू झोपली होतीस.”

“दुपारी?”

“ताप होता तुला.”

वकीलबाईंनी कागद परत घेऊन फायलीत लावले. दावा ३ फेब्रुवारीला दाखल झाला.

तारीख २४ फेब्रुवारीची होती. तिच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, साबती सय्यद मुहसिन यांच्याकडे गेला. काय बोलणं झालं ते त्याने घरी येऊन नवालला सांगितलं आणि तिने वकीलबाईंना. सय्यदांकडच्या कोणी त्याला दुजोरा दिलेला नाही.

सय्यद सत्तरीला टेकलेत. त्यांनी चहा मागवला, साबतीच्या पेल्यात स्वतः साखर घातली.

“मी तुझ्या मानेवर सुरी ठेवली होती का रे?”

“नाही, सय्यद. सुरी दुसऱ्यांची होती.”

“मग मी काय ठेवलं?”

“हात.”

“मग न्यायालयात हात म्हणशील, का सुरी म्हणशील?”

“माझ्या पोरीचं लग्न आहे, सय्यद.”

“लग्नाला काय धाड भरलीय? माझ्या ओळखीत तीन मुलं आहेत. एक तर इंजिनीअर. टक्कल आहे, पण इंजिनीअर.” सय्यद स्वतःच थोडे हसले. मग म्हणाले, “हे बघ, तू कोणाची प्रार्थना करतोस ते मी बारा वर्षं विचारलं नाही. विचारलं का? नदीवर जातोस तेही मला माहीत आहे. पण सय्यद मुहसिनने माणसाला जबरदस्तीने बाटवलं, असं सरकारी कागदावर आलं, तर ते माझं एकट्याचं राहत नाही. घराण्याचं होतं. माझे पुतणे उठतील. मी थांबवीन म्हणतोस? मला चपलासुद्धा दुसऱ्याने घालाव्या लागतात.”

“मी तुमचं नाव घेणार नाही.”

“साक्षीदार म्हणून माझीच सही आहे तिथे. नाव आधीच घेतलेलं आहे.”

निघताना सय्यदांनी त्याला घरच्या म्हशीच्या सायीचं भांडं दिलं. नवालने ते शेजारी देऊन टाकलं.

रविवारी सुनावणीला अकरा वाजून वीस मिनिटांनी सुरुवात झाली. मागच्या बाकावर पाचजण होते. त्यातले दोघे सय्यदांचे पुतणे. अनुश नासिरियाहून पहाटेच्या गाडीने आला होता, पण नातेवाईक नाही म्हणून त्याला बाहेर बसवलं.

न्यायाधीशांनी शारातला चार प्रश्न विचारले. नमाज येते का? नाही. रोजे धरतेस का? नाही. नदीत स्नान कोण देतं? तिने पुरोहिताचं नाव सांगितलं. मुसलमान आहेस हे कधी कळलं?

“आठ जानेवारीला, खिडकीवर.”

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मग साबती उभा राहिला.

“मुलगी घरात कशी वाढली?”

“आईसारखी. साबी.”

“आणि तुम्ही? तुम्ही आज मुसलमान आहात का?”

साबतीने कठड्यावर हात ठेवला. तीस वर्षं काळा लेप लावून बोटांची टोकं काळी झाली आहेत. ती धुऊन जात नाहीत.

“साहेब, त्या दिवशी मी जिवंत राहायचं ठरवलं.”

“ते मी विचारलं नाही.”

“मला तेवढंच सांगता येतं.”

“हे बघा, तुमच्या मनात काय आहे ते बघायचं साधन न्यायालयाकडे नाही. न्यायालय नोंद बघतं, आणि माणसाचा शब्द ऐकतं. हो किंवा नाही. हो म्हणालात तर मुलीचा दावा इथेच संपतो. नाही म्हणालात तर पुढचं बघता येईल.”

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “नाही म्हणू दे की. ऐकू दे आम्हालाही.” न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं, बाहेर काढलं नाही.

वकीलबाईंनी विनंती केली, की उत्तर लेखी घ्यावं, बंद दारामागे. न्यायाधीश म्हणाले, ते पुढच्या तारखेला ठरवू. पण वडील समोर हवेत. साक्षीदाराने उत्तर दिलं नाही, अशी नोंद झाली. पुढची तारीख: गुरुवार, १४ मार्च, सकाळी दहा.

बाहेर जिन्यावर एका पुतण्याने साबतीच्या कोटाची कॉलर नीट केली. “काका, थंडी आहे. गळा झाका,” तो म्हणाला आणि निघून गेला. शारात दोन पायऱ्या वर उभी होती. तिने ते बघितलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस काही घडलं नाही. दुकान उघडत होतं. गिऱ्हाईक कमी झालं होतं, पण या दिवसांत कमीच असतं. शारात वडिलांशी कामापुरतं बोलत होती. अनुशच्या घरून एकदा फोन आला. त्याच्या आईने विचारलं, एप्रिल धरायचा ना? नवाल म्हणाली, धरा. अनुशने शारातला सुचवलं, की आपण देशाबाहेर जाऊन लग्न करू. तिने विचारलं, परत आल्यावर त्याची नोंद कुठे होणार? त्याच संगणकात. तो विषय तिथेच थांबला.

रविवारी, १० मार्चला, संध्याकाळी पाचच्या सुमाराला साबती एकटा वकीलबाईंकडे गेला. त्याने घडी केलेला एक कागद टेबलावर ठेवला. हाताने लिहिलेल्या चार ओळी होत्या. आपण कधीही मुसलमान नव्हतो, जीव वाचवायला सही केली, मुलीसाठी दुसरी सही करण्याचा आपल्याला अधिकार नव्हता. खाली सही, होडीसकट.

“हे तुम्हाला तोंडाने सांगावं लागेल,” वकीलबाई म्हणाल्या.

“तोंडाने सांगतोच. पण न जमलं तर?”

“न जमलं तर म्हणजे?”

“म्हणजे न जमलं तर.” त्याने चहा नको म्हटलं. दारात थांबून विचारलं, “दुसऱ्या सहीचं मी लिहिलंय ते तिला वाचायला द्याल?”

“तुम्हीच सांगा ना.”

“ती ऐकत नाही आता. बरोबर आहे तिचं.”

मंगळवारी, १२ मार्चला, सकाळी सहाला तो घरातून निघाला. एका गिऱ्हाइकाकडे पैंजण पोचवायचे आहेत, असं त्याने नवालला सांगितलं. गाडीतळावरच्या एका चालकाने सांगितलं, की साबती सहा चाळीसला आपल्याच बगदादच्या गाडीत मागच्या बाकावर बसला, हातात हत्यारांची पिशवी होती. वाटेतल्या अली अल-गर्बीच्या नाक्यावर सैनिकांनी सगळ्यांची ओळखपत्रं बघितली. त्यापुढे तो गाडीत होता की नाही, याबद्दल चालकाने नवालला एक सांगितलं आणि वकीलबाईंना दुसरं. फोन सात वाजून पन्नास मिनिटांपासून बंद आहे. नवाल म्हणते, तो बगदादला मोठ्या पुरोहिताकडे गेला असेल. तिथे फोन केला, आलेला नाही. सय्यदांनी स्वतः येऊन विचारपूस केली. पुतण्यांना आपण विचारलं, त्यांना माहीत नाही, असं ते म्हणाले. पोलिसांनी तक्रार घेतली. फॉर्मवर हरवलेल्या माणसाचा धर्म विचारला होता. नवालने तो रकाना कोरा ठेवला, तर शिपायाने तो स्वतः भरला. काय भरलं ते तिने वाचलं नाही.

बुधवारी, १३ मार्चला, दुपारी एक वाजता शारात वकीलबाईंच्या ऑफिसात होती. वकीलबाईंनी तिला कागद वाचायला दिला. तिने वाचला, परत पहिल्यापासून वाचला.

“हा उद्या दाखल केला आणि वडील जिवंत कुणाच्या ताब्यात असले,” वकीलबाई म्हणाल्या, “तर इस्लाम नाकारल्याचा हा कागद त्यांच्या जिवावर येईल. दाखल केला नाही आणि ते आले नाहीत, तर दावा फेटाळला जाईल. एक वर्षाची मुदत परवा संपली, पुन्हा लावता येणार नाही. तारीख पुढे मागू शकते. ते न्यायाधीशांवर आहे.”

“बाबांनी माझ्यासाठी सही करताना मला विचारलं नव्हतं,” शारात म्हणाली.

“नाही.”

“आता मी त्यांच्यासाठी करायची.”

वकीलबाईंनी तिच्या हातातून कागद घेतला. शारातने उद्या नऊला येते म्हणून सांगितलं. कागदाचं काय करायचं, ते सांगितलं नाही. कागद वकीलबाईंच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे. साबती झहरून यांचा फोन संध्याकाळी सहापर्यंत बंद होता. सुनावणी उद्या दहा वाजता आहे.